उत्सर्जन-आकडेवारीची विश्वासार्हता (कार्बन बाजार)

कार्बन बाजारात सहभागी असलेल्या कारखान्याने वर्षभरात हवेत किती हरितगृह वायू सोडला, याचा आकडा खरा असल्याची खात्री करून घेण्याची व्यवस्था. मापन, अहवाल व पडताळणी ही तिची तीन अंगे. धान्याच्या बाजारात माल काट्यावर पडतो. या बाजारात आकडा हाच माल.

मापन-अहवाल-पडताळणी ही त्रिपदी २००७ च्या बाली हवामान परिषदेनंतर रूढ झाली. काहीजण तिचे मूळ शस्त्रनियंत्रण करारांतील तपासणीत शोधतात. प्रत्यक्ष कार्यपद्धती पाहता मात्र अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून आलेला आम्लवर्षा कार्यक्रम (अंमल १९९५ पासून) हाच पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यात धुरांड्यांवर सतत मापन करणारी यंत्रे बसवून तासागणिक नोंदी घेतल्या जात. यंत्र बंद पडले, तर रिकाम्या तासांत चढा आकडा धरला जाई आणि खंड लांबला की तो आणखी चढे. त्यामुळे यंत्र चालू ठेवण्यातच कारखान्याचा फायदा होता.

यूरोपीय संघाच्या बाजारात (२००५ पासून) मुख्यतः गणिताचा आधार घेतात : इंधनाचा खप × उत्सर्जन गुणांक (दर एकक इंधनामागे निघणारा वायू) × ऑक्सिडीकरण गुणांक (इंधनातील कार्बनचा प्रत्यक्ष जळणारा अंश). मापन आणि गणित यांपैकी सरस काय, हा वाद जुना आहे. धुरांड्यात वायूचा प्रवाह घुमतो व त्याचा वेग मोजताना चूक होते. उलट गणिताची सगळी भिस्त कोळशाच्या नमुन्यावर असते. खात्रीशीर आकडे हाती नसताना परवाने (ठरावीक उत्सर्जनाचे, विकता येणारे हक्क) वाटल्याचा परिणाम एप्रिल २००६ मध्ये दिसला. पडताळलेले उत्सर्जन वाटलेल्या परवान्यांपेक्षा कमी निघाले आणि टनामागे सु. ३० युरोंचा दर काही दिवसांत निम्म्यावर आला.

नमुन्याचा प्रश्न चीनमध्ये सर्वांत ठळकपणे पुढे आला. तेथील राष्ट्रीय बाजारात जुलै २०२१ मध्ये व्यवहार सुरू झाले. कोळशातील कार्बनचे प्रमाण प्रयोगशाळेत न तपासणाऱ्या वीजकेंद्राला दर गिगाज्यूलमागे ०.०३३५६ टन कार्बन हा ठोक आकडा लागू होई. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या) सामान्य बिट्युमिनी कोळशाच्या गुणांकाहून (०.०२५८) तो सु. ३० टक्के जास्त होता. तपासणी न करणाऱ्यावर दंड बसावा, हा हेतू. पण तपासणीच्या एका कागदाने एवढा फरक पडत असल्याने कागदच बनू लागले. मार्च २०२२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने चार सल्लागार व तपासणी संस्थांची नावे जाहीर केली. नमुने व अहवाल यांतील बनावट हा त्यांच्यावरील आरोप होता. पुढे ठोक आकडा ०.०३०८५ वर आणला गेला आणि मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमावलीत दंड वाढवण्यात आले.

पडताळणी करणाऱ्याला पैसे कोण देतो, हा प्रश्न यंत्रांच्या अचूकतेइतकाच, बहुधा त्याहूनही, महत्त्वाचा आहे. याचा उत्तम पुरावा कार्बन बाजाराबाहेरचा, गुजरातमधला आहे. तेथे १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारखान्यांचे पर्यावरण लेखापरीक्षण होत असे. परीक्षक निवडणार व त्याची फी देणार कारखानाच. धूलिकणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिग्रॅ. होती आणि अहवालांतील आकडे नेमके तिच्या जरा खाली दाटी करून बसलेले आढळत. २००९–११ मधील प्रयोगात डफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे व रायन या अर्थशास्त्रज्ञांनी काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, फी सामाईक निधीतून दिली आणि काही मापनांची फेरतपासणी केली. खोटे ‘उत्तीर्ण’ शेरे खूपच घटले, प्रदूषणही कमी झाले. यूरोपात पडताळणी संस्थेला अधिस्वीकृती (पात्रतेची अधिकृत मान्यता) लागते. तरी तिची निवड व फी कारखान्याकडेच आहे.

सुरतेत २०१९ पासून धूलिकणांचा परवाना-बाजार सतत मापनाच्या आधारे चालतो. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना (जून २०२३) उत्पादनाच्या एककामागे उत्सर्जन (तीव्रता) मोजते. त्यामुळे येथे छेदही, म्हणजे उत्पादनाचा आकडाही, तपासावा लागतो : सिमेंटचे टन कागदावर फुगले, तरी तीव्रता घटलेली दिसते.