बृहदांत्राचा कर्करोग व पोटदुखी

बृहदांत्राचा कर्करोग व पोटदुखी : मोठ्या आतड्याच्या अंतःस्तरातून उद्भवणाऱ्या मारक अर्बुदाचा (गाठीचा) पोटदुखीशी असलेला संबंध वाटतो तितका सरळ नाही. पोटदुखीमागे बहुतेक वेळा वायू, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग अशी साधी कारणे असतात; उलट हा कर्करोग बराच काळ वेदनेवाचून वाढू शकतो.

आतड्याच्या भित्तीला कापल्याची वेदना जाणवत नाही. ती ताणली गेली, जोराने आकुंचन पावली किंवा तिचा रक्तपुरवठा खंडित झाला, तरच दुखते. शिवाय भ्रूणाच्या मध्यांत्रापासून (आतड्याच्या मधल्या भागापासून) बनलेल्या भागाची, म्हणजे उंडुकापासून (मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीसारख्या भागापासून) आडव्या बृहदांत्राच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंतची वेदना बेंबीभोवती, तर त्यापुढील भागाची ओटीपोटात जाणवते. त्यामुळे दुखण्याच्या जागेवरून रोगाची जागा ठरवणे धोक्याचे असते. उजव्या भागात पोकळी रुंद व मळ पातळ असल्याने अर्बुद अडथळा न करता वाढते आणि त्यातून नकळत होणारा रक्तस्राव पुष्कळदा लोहन्यूनतेच्या पांडुरोगानेच उघडकीस येतो. डावीकडे मळ घट्ट व पोकळी अरुंद असल्याने मुरडा, शौचाच्या सवयीतील बदल व क्वचित आंत्ररोध आढळतो. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच, असे तपासणीविना धरून चालण्याने निदान लांबते व रुग्णाचे मोठे नुकसान होते.

या कर्करोगाच्या उगमाविषयी दीर्घकाळ वाद होता. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील जे. पी. लॉकहार्ट-ममरी व कथबर्ट ड्यूक्स यांनी 1920 च्या दशकातच सौम्य ग्रंथिअर्बुदांकडे, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिपांकडे (आतड्याच्या पोकळीत वाढणाऱ्या अंतःस्तराच्या उंचवट्यांकडे), पूर्वावस्था म्हणून लक्ष वेधले होते आणि पुढे तेथीलच बॅसिल मॉर्सन यांनी ‘पॉलिप ते कर्करोग’ या क्रमाचा हिरिरीने पुरस्कार केला. याउलट जॉन स्प्रॅट व लॉरेन अ‍ॅकरमन यांनी 1962 मध्ये लहान अर्बुदांच्या अभ्यासावरून, पॉलिपाचा अवशेष आढळत नसल्याने, कर्करोग थेट निरोगी अंतःस्तरातूनही उद्भवतो असे मत मांडले. जपानमध्ये पुढे वर्णिलेल्या सपाट व खोलगट विकृतींनी या मताला काही आधार मिळाला. एरिक फिअरॉन व बर्ट व्होगेलस्टाइन यांनी 1990 मध्ये एपीसी, केरास, पी-53 इत्यादी जनुकांतील बदल टप्प्याटप्प्याने साचतात असे प्रतिमान मांडल्यावर पहिल्या मताचे पारडे जड झाले. बहुसंख्य अर्बुदांना तेच लागू पडते असे दिसते, तथापि दंतुर (सूक्ष्मदर्शकाखाली करवतीच्या दात्यांसारख्या दिसणाऱ्या) पॉलिपांपासून निघणारा वेगळा मार्गही आता मान्य आहे. हा क्रम पुरा होण्यास साधारणतः दहा वा अधिक वर्षे लागत असावीत; लिंच लक्षणसमूहात, जो आनुवंशिक आहे, तो बराच त्वरेने घडतो.

विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी न्यूयॉर्कमध्ये 1969 पासून गुदमार्गे आत घातलेल्या दुर्बिणीतूनच पॉलिप काढण्याची पद्धत रूढ केली. मळातील अदृश्य रक्ताची चाचणी सोपी असली तरी ती निदान करत नाही. दोष आढळल्यास दुर्बीण तपासणी व ऊतकपरीक्षा (काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी) आवश्यक ठरते. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने 2021 मध्ये सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तींसाठी, लक्षणे नसतानाही या कर्करोगाच्या शोधार्थ करावयाच्या चाचण्या सुरू करण्याचे वय 50 वरून 45 वर आणले.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. येथे उजव्या ओटीपोटातील गाठ, वजनातील घट व अधूनमधून येणारी कळ ही आतड्याच्या क्षयरोगातही आढळतात आणि दोहोंतील भेद बहुधा ऊतकपरीक्षेनेच ठरतो.