‘क्रिकेट खेळतात’ आणि ‘फक्त क्रिकेट खेळतात’: डेटा सफिशियन्सीत मार्क जातात ते इथे

जीमॅट असो की बँकेची परीक्षा, डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली दोन विधानं उत्तर काढायला पुरतात का एवढंच ठरवायचं असतं त्या प्रकारात, दोन ग्रुपवाला प्रश्न आला की बरेच जण धडाधड एकमेकांत अडकलेले दोन गोल काढतात आणि आकडे भरायला लागतात, आणि घोळ तिथेच होतो. ‘38 जण क्रिकेट खेळतात’ असं दिलंय आणि आपण 38 लिहिले कुठे तर डावीकडच्या चंद्रकोरीत! अहो ती चंद्रकोर ‘फक्त क्रिकेट’वाल्यांची आहे, 38 हा अख्ख्या गोलाचा आकडा, त्यात कबड्डीपण खेळणारे आलेच की.

उदाहरण घेऊ. वर्गात 60 मुलं, दोन्ही खेळ खेळणारे किती? विधान 1: 38 जण क्रिकेट खेळतात. विधान 2: 27 जण कबड्डी खेळतात. लगेच 38 अधिक 27 म्हणजे 65, वजा 60, उत्तर 5, मारला सी (जीमॅटच्या पर्यायांत सी म्हणजे दोन्ही विधानं मिळून पुरतात, एकेकटी नाही). चुकलं. काहीच न खेळणारी मुलं शून्य आहेत असं कुणी सांगितलं? ती 6 असतील तर दोन्ही खेळणारे 11 होतात, 10 असतील तर 15. म्हणजे उत्तर 5 पासून 27 पर्यंत काहीही येऊ शकतं, एकच पक्कं येत नाही, म्हणून ई, म्हणजे दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत.

आता विधान 2 मध्ये थोडाच बदल करू: 27 जण फक्त क्रिकेट खेळतात. 38 मधून 27 गेले, 11 उरले, संपला विषय. 60 लागले नाहीत, कबड्डीचा आकडा लागला नाही, काहीच न खेळणाऱ्यांची भानगडही नाही. हा मात्र खरा सी.

पण ‘फक्त’ दिसला म्हणजे काम झालं असंही समजू नका. ‘16 जण फक्त कबड्डी खेळतात’ दिलं तर 38 अधिक 16 म्हणजे 54, त्यामुळे काहीच न खेळणारे 6 हे कळतं, पण दोन्ही खेळणारे? ते 38 च्या पोटात कुठेतरी आहेत, किती ते नाही कळत. तेच प्रश्नात ‘काहीच न खेळणारे किती’ विचारलं असतं तर हीच दोन विधानं पुरली असती.

माझं मत विचाराल तर दोनच ग्रुप असतील तेव्हा गोल सोडा आणि चार घरांचा तक्ता काढा, वर क्रिकेट हो-नाही, बाजूला कबड्डी हो-नाही, कडेला बेरजा. ‘फक्त’वाला आकडा आतल्या घरात जातो, बिनफक्तवाला कडेच्या बेरजेत. आणि शेवटपर्यंत सोडवत बसू नका, विचारलेलं घर एकाच आकड्याने भरतंय का एवढंच बघायचं.

अशीच दुसरी जोडी ‘किमान एक’ आणि ‘नेमका एक’. किमान एक खेळणारे 54 असतील तर 65 वजा 54, दोन्हीवाले 11. नेमका एक खेळणारे 43 असतील तर 65 वजा 43 म्हणजे 22, पण यात दोन्हीवाले दोनदा मोजलेत, म्हणून निम्मे करायचे, परत 11. मूळ प्रश्नातच 38 आणि 27 दिलेले असतील तर ही दोन विधानं एकेकटीच पुरतात, म्हणजे डी, आणि तरी लोक सी मारून येतात.