दुष्काळातील पाणीवाटप : फड पद्धत ते पाण्याचा ताळेबंद

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडण्याबरोबर नालाबांध आणि पाझर तलाव यांची कामेही त्यांनी केली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाणी अडवण्याच्या कामाला त्यामुळे सार्वजनिक बळ मिळाले. पण अडवलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा, हे ठरले नाही, आणि तलावाखाली ज्याची विहीर त्याचे पाणी, हाच व्यवहार ठिकठिकाणी चालू राहिला.

वास्तविक याचे उत्तर धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीने फार पूर्वी दिले होते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले असत, एका फडात एकच पीक घेतले जाई आणि शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत. ज्या वर्षी पाणी अपुरे, त्या वर्षी एखादा फड भिजवायचाच नाही असे ठरे, त्यामुळे तूट सर्वांत वाटली जाई आणि पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यावर तिचा सगळा भार येत नसे. पाणी सोडणारे पाटकरी आणि राखण करणारे जागले शेतकरीच नेमत.

दुष्काळाच्या झळा पाहून विलासराव साळुंखे या पुण्यातील अभियंता-उद्योजकांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी देवस्थानची ४० एकर जमीन खंडाने घेतली आणि तेथील पाणलोटाच्या कामातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, आणि खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांनी उचलायचा, असे तिचे नियम होते. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क हे त्यातील सर्वांत धाडसाचे कलम. त्याची दखल पुढील सरकारी योजनांनी घ्यायला हवी होती, ती घेतली गेली नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे नेला. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास गावाने बंदी घातली. पावसाळा संपल्यावर त्या वर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी बाजूला ठेवले जाते आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात, हे ग्रामसभा ठरवते.

२०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावर मोठा भर राहिला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हाही मराठवाड्यात उसाचे क्षेत्र आणि कूपनलिकांची खोली यांवर बहुतेक गावांत कोणतेच सामूहिक बंधन नव्हते. भूजलाच्या उपशाचे नियमन करणारा २००९ चा राज्य कायदा मात्र तोवर अस्तित्वात आलेला होता.