क्वारंटाइन करूनही मासे पुन्हा आजारी का पडतात?

‘पांढरे डाग आले होते, पण चार दिवसांत आपोआप गेले.’ दुकानात हे आम्ही वरचेवर ऐकतो. दोन-तीन आठवड्यांनी तेच ग्राहक मेलेल्या टँग माशाचा फोटो घेऊन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हे माहितीपत्रक.

खाऱ्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा परजीवी, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या अंगावर तीन ते सात दिवसच असतो. पोट भरलं की गळून पडतो, वाळूवर किंवा लाइव्ह रॉकवर (टँकमधल्या जिवाणू-जीव असलेल्या समुद्री दगडावर) कवच करून बसतो आणि आत शेकडो पिल्लं तयार करतो. तुम्हाला डाग ‘गेलेले’ दिसतात ते नेमके याच दिवसांत. कवच फुटलं की पिल्लं मासा शोधत निघतात आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा जोरात येते. आजार परत आलेला नसतो, तो टँकमधून गेलेलाच नसतो.

मग क्वारंटाइन कुठे चुकतं? आमच्या अनुभवात बहुतेक ठिकाणी ते नुसतं ‘ठेवणं’ असतं. मासा पंधरा दिवस वेगळा ठेवला, डाग दिसले नाहीत, सोडला मोठ्या टँकमध्ये. पण परजीवी कल्ल्यांत लपला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. नुसत्या पाहण्यावर आमचा भरवसा उरलेला नाही. औषध द्यावंच लागतं.

दुसरी वाट ओलाव्याची. कोरलचा तुकडा, गोगलगायीचा शंख, हर्मिट क्रॅब यांना हा आजार होत नाही, पण त्यांच्यावर कवच बसून येऊ शकतं. आमच्याच दुकानात एकदा कोरलच्या तुकड्यावरून आजार शिरला होता. आणि मुंबईच्या घरात जागा ती केवढी! क्वारंटाइन टँक मोठ्या टँकच्या खालच्या कपाटात, बादली एकच, जाळी एकच. जुलैत तर जाळी दोन दिवस टांगली तरी धड सुकत नाही. जाळी, बादली, पाइप वेगळे घ्या, त्यांना रंगीत टेप लावा. टँक शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण एअर स्टोनच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या) बुडबुड्यांचे तुषारही परजीवी वाहून नेतात.

आता औषध, म्हणजे कॉपर (तांबं), याबद्दल थोडं सविस्तर. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंशी बांधलेलं) कॉपर 2 ते 2.5 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), सलग 30 दिवस. साध्या आयोनिक (न बांधलेल्या) कॉपरची ही मात्रा नाही. इतकं घातलं तर मासे मरतील. टेस्ट किट तुमच्या कॉपरच्या प्रकाराचाच हवा आणि मोजमाप रोज हवं. एक दिवस मात्रा खाली गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. या टँकमध्ये रॉक, वाळू, कार्बन नको, ते कॉपर शोषतात. लपायला पीव्हीसीचे तुकडे पुरतात. अमोनिया बांधणारी औषधं कॉपरसोबत घालू नका, त्याने कॉपर जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, पण नव्या पाण्यातही तेवढंच कॉपर घालून. मे महिन्यात पाणी तापलं की प्राणवायू घटतो, तेव्हा एअर पंप जास्तीचा लावा. मोठ्या टँकमध्ये मात्र कॉपर कधीही नाही, कोरल आणि कोळंबी जगणार नाहीत.

मोठ्या टँकचा उपाय एकच: सगळे मासे बाहेर काढून तो माशांविना चालू ठेवणं. कवच फुटायला 72 दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून आम्ही 76 दिवस सांगतो. जड जातं, ठाऊक आहे. एक मासा जरी आत राहिला तरी मोजणी वाया जाते.

व्हेल्वेट हा दुसऱ्या परजीवीचा आजार मात्र थांबत नाही. मासा धापा टाकतोय, उजेड टाळतोय, पंपाच्या धारेत तोंड धरून उभा आहे, अंगावर सोनेरी धुळीसारखा थर आहे, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका. डाग दिसण्याआधीच मासा जाऊ शकतो. व्हिडिओ काढून लगेच पाठवा, दुकान बंद असलं तरी.