सोडियम-ग्लुकोज वाहक (एसजीएलटी-१)

लहान आतड्याच्या अस्तरपेशींच्या पटलातील वाहक प्रथिन. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर ते सोडियमचे दोन आयन पेशीत घेते. जुलाबात साखर-मीठ-पाणी लागू पडते ते याच्यामुळे.

वाहकाचे तोंड आधी आतड्याच्या पोकळीकडे उघडे असते. सोडियम बसले की ग्लुकोजला जागा होते, प्रथिन आकार बदलते आणि पेशीच्या आतले तोंड उघडते. सोडियमची ओढ आतल्या दिशेने राहते, कारण पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप एटीपीच्या (पेशीच्या इंधनाच्या) दर रेणूमागे तीन सोडियम बाहेर काढून दोन पोटॅशियम आत घेत असतो. ग्लुकोज पुढे जीएलयूटी-२ या दुसऱ्या वाहकातून रक्तात उतरते. मागोमाग पाणी जाते. या जोडवाहतुकीची कल्पना जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

पटकीचे (कॉलराचे) विष क्लोराइडचे मार्ग उघडे पाडते आणि पाणी आतड्यात लोटते. एसजीएलटी-१ मात्र शाबूत राहते. म्हणूनच नुसते पाणी पुरत नाही, त्यात साखर व मीठ लागते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर साखर-मिठाचे द्रावण तोंडाने देऊन मृत्यू कमी केले.

ओआरएसच्या (जुलाबात तोंडाने द्यायच्या साखर-क्षारांच्या द्रावणाच्या) आजच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. सोडियम व ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, म्हणजे कणांच्या संख्येने सारखे. चुका होतात त्या पाण्याच्या मापात. पाकिटे एक लिटरची असतात तशी २०० मिलिलिटरचीही, म्हणून छापलेले माप आधी वाचावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर रक्तातले सोडियम धोकादायक वाढते. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असेही करू नये. द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (५ मिलिलिटरचा चमचा). इंदुरात पोट बिघडल्यावर सराफा बाजारातली दुधा-सुकामेव्याची शिकंजी किंवा बाटलीतले थंड पेय देऊ नये: साखर जास्त, सोडियम कमी. न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

क्वचित एखाद्या बाळात हे प्रथिन जन्मतःच सदोष असते. पहिल्या दुधापासूनच पाण्यासारखे जुलाब होतात आणि ओआरएसनेही ते वाढतात. अशा बाळाला शिरेतून सलाइन आणि नंतर फ्रुक्टोजवर आधारलेले दूध द्यावे लागते. फ्रुक्टोजचा वाहक, जीएलयूटी-५, वेगळा आहे.