ताप उतरल्यावर टी-पेशींना मरावं लागतं

विषाणू शरीरात शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) झपाट्याने वाढतात. आठवड्याभरात त्या हजारो पटींनी होतात. पण विषाणू संपल्यावर एवढ्या पेशींचं काय होतं? त्यातल्या सुमारे ९० टक्के पुढच्या काही आठवड्यांत मरतात. त्या मरतात हे आपलं भाग्यच, कारण काम संपलेल्या मारेकरी पेशी अंगात मोकाट राहणं धोक्याचं असतं.

मरणाचा एक हुकूम आतून सुटतो. संसर्ग ओसरला की पेशीला जगवणारे संदेश आटतात, ‘बिम’ हे प्रथिन वरचढ ठरतं आणि मायटोकाँड्रियाच्या आवरणाला भोकं पडतात.

दुसरा हुकूम बाहेरून येतो. टी-पेशीच्या पृष्ठभागावर ‘फास’ नावाचा ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन असतं, तीन रेणूंच्या जुडीने काम करणारं. शेजारच्या पेशीवरचं फास-लिगंड, म्हणजे फासशी जुळणारं प्रथिन, त्याला चिकटलं की आतल्या बाजूला कॅस्पेज-८ हे विकर गोळा होतं, जागं होतं आणि कॅस्पेज-३ला जागं करतं. आतली वाटही शेवटी याच कॅस्पेज-३पाशी पोचते. मग डीएनएचे तुकडे पडतात, पेशी आक्रसते, पण फुटत नाही. तिच्या आवरणाच्या आतला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद बाहेरच्या अंगाला येतो, तो ओळखून मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. सूज नाही, दाह नाही. इतकं नेटकं मरण शरीरात दुसरं नसेल.

हा हुकूम पोचलाच नाही तर? लसिका गाठी सुजणाऱ्या, ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत फासचं जनुकच बिघडलेलं आहे, हे जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने १९९२मध्ये दाखवलं. १९९५मध्ये तसाच बिघाड माणसांतही सापडला. अशा मुलांच्या गाठी आणि प्लीहा वाढतात, स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला होतो. यातल्या बऱ्याच मुलांत जनुकाची एक प्रत चांगली असते. तरी भागत नाही, कारण जुडीतला एक रेणू खराब निघाला तरी ती वाया जाते. दोन्ही प्रतींतून सारखेच रेणू बनले, तर आठांपैकी एकच जुडी पूर्ण धड निघते. अशा मुलांच्या वाढलेल्या गाठी सिरोलिमस या औषधाने अनेकदा ओसरतात.

आतली वाट अडली तर कर्करोगाला वाव मिळतो. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात बी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा दुसरा एक प्रकार) ‘बीसीएल-२’ या प्रथिनाच्या जोरावर मरण टाळत राहतात. अमेरिकेत २०१६मध्ये मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं त्या प्रथिनाला धरतं, आणि अडलेली वाट मोकळी होते.