पुढचा ब्रेक खरोखर घात करतो का?

‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून फक्त मागचाच वापरा,’ हा सल्ला लहान ड्युअल-स्पोर्ट (पक्का रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींवर चालणारी) मोटारसायकल शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे मिळत आला आहे. त्यामागची भीती समजण्याजोगी आहे, कारण या गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन बरेच खाली दबणारे असल्याने ब्रेक लावताच गाडीचे नाक ठळकपणे झुकते. परंतु ते झुकणे म्हणजे वजन पुढच्या चाकावर सरकणे होय. त्यामुळे त्या टायरची पकड वाढते, तर मागचे चाक हलके होऊन लवकर घसरते. घात होतो तो लिव्हर एकदम आवळल्याने वजन पुढे येण्याआधीच चाक जाम झाले, किंवा हँडल वळलेले असताना ब्रेक लागला, तर. सुट्या खडीवर मात्र पुढचा ब्रेक अगदी हलकाच हवा. या सल्ल्याचा उगम बहुधा तिथलाच असावा.

पडताळणीसाठी हेल्मेट घालून, मोकळ्या, कोरड्या डांबरी जागेवर ताशी ३० किलोमीटर वेगाने एकाच खुणेपासून आधी फक्त मागचा, मग दोन्ही ब्रेक, पुढचा दोन बोटांनी हळूहळू दाबत, लावावेत आणि थांबण्याचे अंतर पावलांनी मोजावे. तेवढेही नको असेल, तर उभ्या गाडीच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकांवरच्या धातूच्या चकत्या) निरखाव्यात: पुढची बहुतेकदा मोठी असते, कारण थांबवण्याचे जास्त काम तिच्याकडे असते.